कार्ल्याच्या सुताराचं नाव आणि आमचं गावठाण

पोस्ट मोठी झाली आहे. सवडीनं वाचा. पण नवी मुंबईतल्या गावठाणात राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे पावणेसहाला आमच्या तळवलीत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एक बस येऊन थांबली. आत आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाची बेचाळीस मुलं, दोन सर आणि एक मॅडम. माझी पुतणी त्याच वर्गात आहे. भाजे, कार्ले आणि बेडसे अशी त्यांची अभ्याससहल होती. बेडशाची वाट माहीत असलेलं कोणीतरी सोबत हवं होतं, तर पुतणीनं माझं नाव सांगितलं. मी आर्किटेक्ट नाही की इतिहासाचा प्राध्यापक नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. पण दर चैत्रात गावच्या पालखीबरोबर एकवीरा आईला जातो, आणि तिथे गेलो की दर्शनानंतर लेणी बघत बसतो. पुढे त्यावर मिळेल ते वाचत गेलो. एवढंच माझं भांडवल.

बसमध्ये चढलो तेव्हा मागच्या सीटवरचा एक मुलगा खिडकीतून बाहेर बघत शेजारच्याला विचारत होता, "इथे जुनं काही आहे का रे?" शेजारचा म्हणाला, "इथे काय असणार? गावठाण आहे. सगळी अनधिकृत बांधकामं."

मी त्याच गावठाणातून उतरून बसमध्ये चढलोय हे त्याला माहीत नव्हतं. पोरगं वाईट नव्हतं. त्याला जे शिकवलं, जे पेपरात वाचलं, तेच तो बोलला. मी गप्प बसलो. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर डोंगर चढत होतं.

आता आधी रस्त्याबद्दल सांगतो, कारण या लेण्यांची निम्मी गोष्ट रस्त्यातच आहे.

आपण घाट चढतो तो पुण्याला लवकर पोहोचायला. दोन हजार वर्षांपूर्वी लोक तो चढायचे ते बंदरावरचा माल देशावर न्यायला. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची मोठी बंदरं. कल्याणचं नाव ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस'मध्ये येतं. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला, आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला. या बंदरांवरून निघालेला माल नाणेघाटानं जुन्नरला जायचा, नाहीतर उल्हास नदीच्या खोऱ्यातून वर येऊन बोरघाटाच्या परिसरातून मावळात उतरायचा. आता नकाशा काढा आणि लेणी टिंबांनी मांडा. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे. घाट चढला की भाजे, समोरच्या डोंगरात कार्ले, पुढे कामशेतच्या अंगाला बेडसे. टिंबं जोडली की जुनी वाट दिसते.

म्हणजे ही लेणी निर्जन रानात ध्यानासाठी कोरलेली एकाकी ठिकाणं नव्हती. ती वाटेवर होती. भिक्खूंना व्यापाऱ्यांचा आधार आणि व्यापाऱ्यांना भिक्खूंचा, असा तो व्यवहार होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीननं जायचे आणि सुट्टीच्या दिवशी हेच डोंगर पायी धुंडाळायचे. त्यांनी हे फार चांगलं दाखवून दिलं. जुन्या पाऊलवाटा, त्यांच्या फाट्यांवरची देवीची ठाणी आणि लेणी यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं त्यांचं म्हणणं. 'मिथ अँड रिअॅलिटी' हे त्यांचं पुस्तक १९६२ चं. आमच्या एकवीरेला ग्रंथात अशी जागा मिळाली आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

टोल वाचवायला ड्रायव्हरनं जुना हायवे धरला. खोपोली मागे टाकून बस घाटाला लागली आणि शिंगरोबाच्या देवळापाशी त्यानं वेग कमी केला, खिडकीतून नाणं टाकलं, हात जोडले. मुलांना गंमत वाटली. मॅडमनी विचारलं तेव्हा मी गोष्ट सांगितली. इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती. शिंगरोबा नावाच्या धनगरानं गुरं-मेंढरं हाकायची वाट दाखवली, आणि काम झाल्यावर त्यांनी त्यालाच मारलं, असं लोक सांगतात. ही लोककथा आहे, कागदावरचा पुरावा नव्हे. पण लोकांनी ती का जपली, याचा विचार करा.

कागदावरचा इतिहास असा आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. रेल्वेचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला घाटातून गाडी धावली. पंचवीस बोगदे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला, तर त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका पुढे चालवला. तिचं नाव आज आपल्याला माहीत आहे. कामाच्या ऐन भरात एकेका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं त्या डोंगरात राबत होती. पटकीनं आणि अपघातांनी हजारो गेली. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. म्हणून मला वाटतं, ड्रायव्हर लोक शिंगरोबाला नाणं टाकतात ते त्या सगळ्यांच्या वतीनं एकालाच टाकतात.

असो. आधी भाजे.

पायऱ्या चढून वर गेलं की मोठं चैत्यगृह समोर येतं. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या चैत्यगृहांपैकी एक. आत अष्टकोनी खांब आहेत आणि ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. सरांनी मुलांना विचारलं, "खांब तिरके का?" कोणी म्हणालं कोरताना चूक झाली असेल. कोणी म्हणालं शोभेसाठी. कोणी मोबाइल काढला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, लाकडी मेढी अशाच ठोकतात. वरून छताचा भार बाहेर ढकलतो, म्हणून मेढ आत कलती ठेवायची."

सर हसले आणि म्हणाले, बरोबर. मग त्यांनी मुलांना जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्या ओट्यावर बसूनच राहिलो. ते म्हणाले, दगडात कोरलेल्या खांबाला कलतं असण्याची काहीच गरज नाही. अख्खा डोंगरच छत आहे, ते कुठे पडणार? छताला ज्या कमानदार फासळ्या आहेत त्यांचीही गरज नाही, त्या काहीच तोलत नाहीत. बाहेरच्या दर्शनी भागावर कोरलेले सज्जे, जाळ्या, कठडे, तुळयांची बाहेर आलेली टोकं, यातल्या कशाचीच दगडाला गरज नाही. हे सगळं लाकडी घरांचं आहे. आधी गावात, नगरात सुतारांनी लाकडाची घरं बांधली, लाकडाची सभागृहं बांधली. ती सडली, जळली, वाळवीनं खाल्ली. त्यांची नक्कल मात्र डोंगरात उरली. ही लेणी म्हणजे नाहीशा झालेल्या लाकडी घरांचे दगडातले फोटो आहेत.

हे मी वाचलेलं होतं. जेम्स फर्ग्युसन नावाचा निळीचा व्यापारी या वास्तू बघत हिंडला आणि वास्तुइतिहासकार झाला, त्यानं एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलं आहे. पण वाचणं वेगळं आणि त्या कलत्या खांबाला पाठ टेकून ऐकणं वेगळं.

कारण मला आमचं जुनं घर आठवलं. तळवलीतलं, मी जन्मलो ते. पुढे ओटा, मग पडवी, मग माजघर. मधोमध सागाचे चार खांब, वर तुळया, आढं, वासे, रिपा आणि त्यावर कौलं. काही भिंती विटांच्या, काही कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची. माझा चुलता आढ्यावर बसायचा आणि आम्ही पोरं खालून कौलं पोहोचवायचो. ते घर आम्ही १९९८ साली पाडलं. का पाडलं, ते पुढे सांगतो.

दुपारी कार्ल्याला. वेहेरगावातून पायऱ्या. या गावाच्या नावातच विहार आहे असं म्हणतात. सुट्टीचा दिवस, त्यामुळे एकवीरेला रांग. आगरी-कोळी बायका डोक्यावर पदर घेऊन, मुलं खांद्यावर, नारळ, ओटी, हळद. त्या गर्दीतून आमची मुलं टेप, पाट्या आणि स्केचबुकं घेऊन शिरली. रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "काय मोजताव रं पोरांनो?" पोरं म्हणाली, "आजी, लेणं मोजतोय." आजी म्हणाल्या, "मोजा, मोजा. आयचा घर मोठा हाय."

खरंच मोठं आहे. चैत्यगृहाची लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी आणि उंची साधारण १४-१४ मीटर. असल्या चैत्यगृहांत भारतातलं सगळ्यात मोठं. ३७ खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, डोक्यावर हत्ती आणि त्यावर बसलेल्या जोड्या, आणि स्तूपामागचे सात साधे, काहीही न कोरलेले. छताला ज्या फासळ्या आहेत त्या कार्ल्यात आजही लाकडाच्या आहेत. साग. सुमारे दोन हजार वर्षांचा साग, आणि स्तूपावरची छत्रीही लाकडाची. मुलं मान वर करून बघतच राहिली. सर म्हणाले, पाहा, दगडात सगळं कोरता येत होतं तरी त्यांना सुतार बोलवावासा वाटला.

आणि त्या सुताराचं नाव आपल्याला माहीत आहे.

सगळ्या सहलीतली ही गोष्ट मला तुम्हाला सांगायची होती. कार्ल्याच्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. ते राजाची स्तुती नाहीत, देणाऱ्यांच्या आणि घडवणाऱ्यांच्या नोंदी आहेत. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजींनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख पुस्तकरूपात छापले, तेव्हापासून ही माणसं आपल्या ओळखीची झाली. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल शेठ. त्यानं हे शैलगृह पूर्ण केलं आणि हे जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं बिनधास्त लिहून टाकलं. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणक याचा. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित या भिक्खूचा, म्हणजे आपल्याच खाडीपलीकडच्या माणसाचा. धेनुकाकट नावाच्या गावातल्या लोकांनी तर खांबामागून खांब दिले आहेत, आणि त्यांत अनेक जण स्वतःला यवन म्हणवतात. हे धेनुकाकट नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. पण त्या गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तर-सुगंधी विकणाऱ्यानं दाराचं काम दान दिलं, हे दारापाशी लिहिलं आहे. आणि त्याच दारापाशी लिहिलं आहे की धेनुकाकटच्या वेणुवासाचा मुलगा सामी, वड्ढकी, यानं दार घडवलं.

वड्ढकी म्हणजे सुतार.

दुसरीकडे घुणिकाची आई असलेल्या कोडी नावाच्या भिक्षुणीनं एक वेदिका दिली आणि ती नंदिकानं घडवली, अशी नोंद आहे. पुतणीनं ते ऐकून वहीत लिहिलं: सामी, नंदिक. मग मला म्हणाली, "काका, आम्हाला चार वर्षांत शंभर आर्किटेक्टांची नावं पाठ करायची आहेत. त्यात एकही सुतार नाही."

आणखी एक लेख आहे, तो प्रत्येक प्रकल्पग्रस्तानं समजून घ्यावा असा आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं वळुरक इथल्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. पुढे राज्य बदललं. सातवाहनांनी क्षहरातांना हरवलं. नव्या राजवटीनं काय केलं? मामल इथल्या अधिकाऱ्याला लेखी हुकूम पाठवला की हे गाव भिक्खूंकडेच राहील, आणि तो हुकूम दगडात कोरून ठेवला. हे मामल म्हणजेच आपलं मावळ. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा असाच हुकूम आहे, आणि त्यात दिलेल्या शेतात सरकारी माणसानं शिरायचं नाही, हस्तक्षेप करायचा नाही, आणि मिठासाठी खणायचं नाही, अशा सवलती आहेत. मिठाचं वाचून मी मनात हसलो. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर. मिठावर सरकारचा हात दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे म्हणायचा.

गंमत सोडा. मुद्दा असा की राज्य उलटलं तरी आधीच्या राजानं दिलेला शब्द नव्या राजानं लेखी पाळला, आणि कोणालाही वाचता येईल असा दगडावर लिहिला. हे सगळं भिक्खूसंघाला मिळालं, साध्या शेतकऱ्याला नव्हे, हे मला मान्य आहे. जुना काळ सुवर्णकाळ होता असं मला म्हणायचं नाही. करजिकच्या कुणब्यांना कोणी विचारलं होतं का, ते लेखात नाही. पण शब्द लिहून ठेवायची रीत होती, एवढं नक्की.

लेण्याबाहेर सावलीत डबे उघडले. सकाळचा तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. तोवर पुतणीनं त्याला मी कुठला ते सांगितलं असावं. जरा ओशाळला होता. विषय बदलायला म्हणून त्यानं सांगितलं की मागच्या सत्रात त्यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचा अभ्यास केला. चार्ल्स कोरिया यांचं काम, १९८० च्या दशकातलं. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा गट. प्रत्येकाचं घर स्वतंत्र, भिंतीला भिंत नाही. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काका, ते वाढणारं घर आहे. कुटुंब वाढलं, पैसे आले की माणसानं खोली वाढवायची, मजला चढवायचा. कोरियांनी तशी सोयच ठेवलीय."

मी म्हटलं, "छान आहे. आता आमच्या घराची गोष्ट ऐक."

तीच गोष्ट तुम्हालाही सांगतो. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाजण गेलं. गावठाण तेवढं संपादनातून वगळलं. त्या वेळी हे बरंच वाटलं, घरं तरी राहिली. पण गावाभोवतीची सगळी जमीन गेली म्हणजे गावाला वाढायला जागाच उरली नाही, हे कळायला एक पिढी गेली. शहराच्या नकाशावर नोड वाढले, सेक्टर वाढले. गावठाणाची रेघ मात्र होती तिथेच राहिली, आणि रेघेच्या आत माणसं वाढत गेली.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो मिळवायला रक्त सांडावं लागलं, आणि पुढे कागद पदरात पडायला अनेकांची उमेद गेली. तोवर थोरल्या भावाचं लग्न झालं होतं, माझंही झालं, धाकट्याचं ठरलं होतं. चार खांबांच्या कौलारू घरात तीन संसार मावेनात. १९९८ ला ते पाडून स्लॅबचं घर बांधलं. २००९ ला भावाच्या मुलांसाठी वरचा मजला चढवला. मग एका कार्यालयातून नोटीस आली: बांधकाम अनधिकृत.

त्या पोराला मी म्हटलं, "बाळा, वाढणारं घर कोरियांनी कागदावर काढलं, त्याला तुम्ही मार्क मिळवता. आमचं वाढलं, त्याला आम्हाला नोटीस."

तो काही बोलला नाही. सर ऐकत होते, ते मात्र बोलले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बर्नार्ड रुडॉफ्स्कीनं 'आर्किटेक्चर विदाऊट आर्किटेक्ट्स' नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. जगभरच्या साध्या लोकांनी, कोणाच्याही सहीशिवाय बांधलेल्या गावांचे आणि घरांचे फोटो. त्या पुस्तकाशिवाय आज एकही आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. सर म्हणाले, आम्ही हे शिकवतो, आणि बस तुमच्या गावाच्या कडेला उभी करून मुलांना डोंगरात आणतो.

मी त्यांना लगेच सांगितलं, आणि इथेही सांगतो: आमचं गावठाण फार सुंदर आहे असं माझं म्हणणं नाही. गल्ल्या अशा आहेत की अग्निशमनची गाडी आत येऊ शकत नाही. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतात. काही इमारती गरजेपोटी मुळीच नाहीत. आमच्यातल्याच काहींनी बाहेरच्या बिल्डरांना हाताशी धरून भाड्यासाठी आणि विकण्यासाठी मजल्यावर मजले चढवले. त्याचं समर्थन मी करणार नाही. त्या इमारतींत उद्या काही झालं तर मरणारे आपलेच भाडेकरू असतील. पण तीन भावांचं घर आणि धंद्याची इमारत या दोघांना एकाच शब्दात कोंबणं, हा अन्याय आहे. आणि तो होतो, कारण दोघांमधला फरक दाखवणारा कागदच नाही.

कागद का नाही, तर जुन्या सर्व्हेत शेताला सातबारा आला, पण गावठाण म्हणजे नकाशावर एक सलग तुकडा. आत कोणाचं घर किती, कुठून कुठवर, याची घरवार मोजणीच नसायची. बापाचं घर कुठे संपतं हे गावाला माहीत असायचं, आणि तेवढं पुरायचं. शहर आलं तेव्हा ते पुरेना. गरजेपोटीची घरं नियमित करायचे शासननिर्णय आले, बदलले, पुन्हा आले. २०२२ च्या निर्णयात गावठाणापासून २५० मीटरची हद्द धरली. निवडणूक आली की या विषयाला पालवी फुटते. पण घरवार मोजणी आणि प्रत्येकाच्या हातात मालमत्ता पत्रक, ही मुळातली मागणी दर वेळी मागे राहते. मोजल्याशिवाय नियमित तरी काय करणार?

संध्याकाळी बेडसे केलं. मुलं दमली होती, पण दर्शनी भागातले ते उंच खांब आणि वरचे घोडे-हत्ती-बैलांवरचे स्वार बघून सगळ्यांचा शीण उतरला. तिथेही नाव आहे: नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुष्यणक. अंधार पडायच्या आत उतरलो. परतीच्या बसमध्ये गाणी झाली, मग सगळी झोपली. तो मुलगा तेवढा जागा होता.

घरी आलो तर आई जागी होती. पंच्याऐंशीची आहे. सगळं विचारलं, काय पाहिलं, काय खाल्लं, आईची ओटी भरली का. मुलं लेणं मोजत होती हे ऐकून म्हणाली, "आनी आपला घर बगाला कवा येनार ती पोरा?"

मी म्हटलं, आपलं कौलारू घर आहे कुठे आता? ती म्हणाली, आमचा नसंल, शेजारचा हाय ना.

खरंच आहे. आमच्या आळीत एक जुनं घर अजून उभं आहे. अर्धं बंद, मागची बाजू बसलेली, पण ओटा, पडवी आणि मधले खांब शाबूत. पुतणीला सांगितलं. पुढच्या रविवारी ती चार जणांना घेऊन आली, आणि त्यांत तो मुलगा होता. दिवसभर त्यांनी ते घर मोजलं. आढ्याची उंची, वाशांमधलं अंतर, खांबाचा घेर. ओट्यावर बसून रेखाटलं. दुपारी आईनं कोळंबीचं कालवण-भात वाढलं.

खांब मोजताना त्या मुलानं ओळंबा सोडला आणि मला हाक मारली. पडवीचा कोपऱ्यातला खांब किंचित आत कललेला होता. "काका, भाजे," तो म्हणाला. घर बसल्यामुळे कललं की सुतारानं मुद्दाम कलतं ठेवलं, ते सांगता येत नाही. पण त्याला भाजे आठवलं, हे मला पुरलं.

नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. घराचं नाव, ठिकाण, तारीख, मोजणाऱ्यांची नावं. त्यानं त्यात आणखी एक ओळ वाढवली: बांधणारा सुतार. आणि आईला विचारलं, आजी, हे घर कोणी बांधलं? आईनं खूप आठवलं. हेच सुतार आमच्याही घराला होते. दोघे भाऊ, पावसाळा संपला की यायचे, पडवीतच झोपायचे, थोरला विड्या फार ओढायचा. सगळं आठवलं. नाव काही आठवलं नाही. गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनाही नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याचं दार बनवणाऱ्या सुताराचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याच्या बापाचं आणि गावाचंही. आणि ज्या घरात माझी आई नांदली, त्या घराच्या सुताराचं नाव साठ-पासष्ट वर्षांत पुसलं गेलं. ती ओळ नकाशावर रिकामीच आहे. मुलगा म्हणाला, खोडत नाही, राहू दे.

म्हणून ही पोस्ट. तळवली, घणसोली, गोठिवली, रबाळे, कोपरखैरणे, दिवाळे, जिथे कुठे जुनं घर उभं आहे तिथल्या लोकांना सांगणं आहे. पाडायचं असेल तर पाडा, कोणी कोणाला कौलात राहायची सक्ती करू शकत नाही. पण पाडण्याआधी मोजा. फोटो काढा. कोणी बांधलं, कोणत्या साली, लाकूड कुठून आणलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि लिहून ठेवा. उद्या मोजणी आली तर हा कागद उपयोगी पडेल. नाही आली तरी नातवंडांना उपयोगी पडेल.

आर्किटेक्चर शिकवणाऱ्यांना एक विनंती. डोंगरातली सहल बंद करू नका, कार्ले-भाजे प्रत्येक मुलानं बघितलंच पाहिजे. फक्त बस निघते तिथे अर्धा तास आधी या आणि गावातून एक फेरी मारा.

आणि आमच्या पुढाऱ्यांना, सगळ्या पक्षांच्या: घरं नियमित करण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या. आधी घर मोजा आणि कागदावर नाव लिहा. भूतपाल शेठला जमलं, उषवदाताला जमलं, त्याला हरवणाऱ्या सातवाहनांनाही जमलं. तुम्हाला का जमू नये?

आई एकवीरा सगळ्यांचं भलं करो.

(आमच्या आळीतल्या त्या घराच्या सुतार भावांचं नाव कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. नकाशात जागा ठेवली आहे.)